गादीवालीच्या हातचा हार

आमच्या नातीच्या गळ्याला धातू चालत नाही. सोनं नाही, चांदी नाही, पितळ तर लांबच राहिलं. गळ्यात काही घालून चहा पिऊन होईतो मानेवर लाल चट्टे उठतात आणि पोरगी खाजवत बसते. डॉक्टरांनी मलमं दिली, गोळ्या दिल्या, पुन्हा मलमं दिली, आणि शेवटी म्हणाले, घालूच नका. हे मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, पण माझ्या दाराला डॉक्टरची पाटी नाही ना.

पोरीला त्याचं काही नाही. तिला घरात आम्ही भिंगरी म्हणतो, कारण तिचा पाय जमिनीला टेकत नाही. गाणं लागलं की ती नाचणार, मग ते दुकानात लागो नाही तर शेजाऱ्याच्या फोनवर. बिनदागिन्याची पोर, पण तिच्याकडे बघून कुणाला कधी काही कमी वाटलं नाही.

तर त्या भिंगरीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला आहे, कमी बोलतो आणि ताटात काही टाकत नाही. त्यांच्या घरचं बोलायचं खातं त्याच्या आत्याकडे आहे. आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा बाईंनी बसण्याआधी रुमालानं खुर्ची झटकली. माझ्या घरातली खुर्ची! मी मूग गिळून बसले. मग आत्यानं पिशवीतून मखमली डबी काढली आणि आतला हार स्वतःच्या हातानं भिंगरीच्या गळ्यात घातला. पोरगी भिडेखातर काही बोलली नाही. कप रिकामे होईतो मान टोमॅटोसारखी लाल झाली. सुनेनं धावत जाऊन हार काढला, ओलं फडकं लावलं.

"अगंबाई," आत्या म्हणाली, "मग लग्नात काय बोडक्या गळ्यानं उभी राहणार ही? लोक आम्हाला काय म्हणतील?"

हसत म्हणाली, पण म्हणाली. आणि भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. या पोरीचं तोंड मी परीक्षेत नापास झाल्यावरही उतरलेलं पाहिलं नव्हतं. तिनं ओढणी गळ्याशी ओढून घेतली आणि हात तिथेच ठेवला. ते मला बघवलं नाही.

"बोडक्या कशानं?" मी म्हणाले. "तिच्या गळ्यात माझ्या हातचा हार असेल. काचेच्या मण्यांचा. धातूचा कणही नसेल त्यात."

माझा मुलगा माझ्याकडे बघायला लागला, सून किटलीकडे.

"तुम्हाला येतं ते मण्यांचं काम?" आत्यानं विचारलं.

"या हातांना काय येत नाही ते विचारा."

आता खरं सांगायचं तर या हातांनी जन्मभर गाद्या शिवल्या. मालक गेले तेव्हा मुलगा लहान होता आणि दुकानात कापूस पिंजून पडलेला होता. मी दाभण उचललं. दाभण म्हणजे वीतभर लांबीची जाड सुई, त्यात मेण लावलेला दोरा. गादीच्या पोटातून आरपार काढायची, खालून गाठ, वरून गाठ, आणि ओढायची. इतकी ओढायची की गादी स्वतः म्हणाली पाहिजे, बाई, पुरे. माझी गादी फाटते, पण टाका सुटत नाही. लोक दुसरं कापड घालायला घेऊन येतात तेव्हा टाका उसवायला मुलाला पक्कड लागते. पण मण्यांचं काम? मणी मी मुठीत धरून पाहिले नव्हते.

पाहुणे गेल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "आई, बाजारात तयार मिळतात. आणू एखादा छानसा."

"मी माझ्या हातचा म्हणाले. बाजाराला हात असतात का?"

"तसं नाही, पण..."

"पण बिण काही नाही."

तेवढ्यात भिंगरीनं मागून येऊन माझ्या गळ्यात हात टाकले. "आजी, खरंच करशील?" ती काही मागणारी पोर नाही. लहानपणीसुद्धा दुकानापुढे हट्ट धरून बसली नाही कधी. आता विचारलं, आणि आवाज जरा हलला. मी म्हणाले, "मी बोलले की झालं." आणि मनात म्हणाले, उचलली जीभ लावली टाळ्याला, आता बस निस्तरत.

कारण मण्यांचं काम येणारी बाई आमच्या ओळखीत एकच, आणि ती म्हणजे विहीणबाई.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. दोन गल्ल्या सोडून राहते, चौथ्या मजल्यावर, आणि तिथली लिफ्ट मनात आलं तर चालते. दवाखान्यात नर्स होती, निवृत्त झाल्यावर मण्यांच्या नादाला लागली. कानातली करते, बांगड्या करते, चष्म्याच्या दोऱ्या करते. भिंगरीनं लहानपणी दोन आज्यांत घोटाळा नको म्हणून मला गादीआजी आणि तिला मणीआजी केलं होतं. आमचं दोघींचं कधी भांडण झालं नाही. भांडायला एकीनं दुसरीचं ऐकून घ्यावं लागतं.

मी दुसऱ्या दिवशी नव्या कापसाची एक उशी काखेत मारली आणि सुनेला घेऊन निघाले. लिफ्टच्या मनात नव्हतं. चार मजले चढून मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "तुमची मान दुखते ना, म्हणून उशी आणली."

"माझी मान कधी दुखली नाही," विहीणबाई म्हणाली. "ताकाला येऊन भांडं लपवू नका. आत या. तुमचा आवाज काल कुठपर्यंत पोचला ते मला कळलंय."

मी सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "मी चहा ठेवते," आणि स्वयंपाकघरात गेली. ती चहा ठेवतच राहिली.

"शिकवीन मी," विहीणबाई खुर्चीत बसत म्हणाली. "पण शिकताना उलट बोलायचं नाही."

"मी कधी उलट बोलते?"

"हे बघा, झालं सुरू."

अडला हरी, दुसरं काय. मी तोंड मिटलं. ती म्हणाली, "मनात म्हणताय ते कळतं मला. गाढव मी आहे का मग?" मी म्हणाले, "मी बोललेच नाही." "तेच तर," ती म्हणाली आणि हसली.

खिडकीपाशी तिचं लांब टेबल होतं, वर पांढरा टॉवेल अंथरलेला. मणी टॉवेलवर ओतायचे, म्हणजे पळत नाहीत. काचेच्या बरण्यांत रंगारंगांचे मणी, काही खसखशीहून जरा मोठे, काही मोहरीएवढे, काही धण्याएवढे. तिनं मला सुई दिली. मी चिमटीत धरली तर चिमटीत काही आहे असं वाटेना.

"ही सुई? मला वाटलं तुमचा केस पडलाय."

"माझा केस एवढा पांढरा नाही."

"रंगवल्यावर कुणाचा असतो?"

आत कपबशी जोरात वाजली. आम्ही कामाला लागलो.

"आधी एक मणी ओवायचा आणि त्यातून दोरा दोनदा काढायचा," विहीणबाई सांगायला लागली. "हा अडवणारा. बाकीचे सटकू नयेत म्हणून. मग आठ मणी ओवा. आता एक नवा घ्या. ओवलेल्यातला शेवटचा सोडून द्या, त्याच्या अलीकडच्यातून सुई उलटी काढा. परत नवा घ्या, परत एक सोडा, पुढच्यातून काढा. एक घ्या, एक सोडा. सगळी मेख एवढीच."

"सोडायचा कशाला? चांगला मणी आहे."

"सोडलेल्याची पाळी पुढच्या ओळीत येते. तेव्हा तो खाली नसेल तर वरचा बसणार कशावर?"

"म्हणजे सुनांसारखं."

"आई!" स्वयंपाकघरातून आवाज आला. त्या घरात तिची सख्खी आईही होती आणि मलाही ती आईच म्हणते, त्यामुळे कुणाला म्हणाली ते कुणीच विचारलं नाही.

पहिली ओळ माझ्या हातात गांडुळासारखी वळवळली. दुसरी करायला जावं तर पहिली फिरून पाठ दाखवी. कुठला मणी वर, कुठला खाली, काही समजेना. मी म्हणाले, मणी वाकडे आहेत. विहीणबाई म्हणाली, अंगणही वाकडंच असतं नाचता न येणाऱ्याचं. मी पुन्हा ओवले. पुन्हा गांडूळ. पुन्हा उसवलं. विहीणबाईनं गांडूळ दोन बोटांनी सरळ धरून ठेवलं, जखमेवर पट्टी धरतात तसं. "आता टाका," म्हणाली.

आणि एकदम ते दिसलं मला. दात पडलेल्या पोराच्या तोंडासारखं होतं ते, एक दात वर, शेजारी फट, एक दात वर, शेजारी फट. त्या फटीत नवा मणी गेला, सुई पुढच्या दातातून निघाली, दोरा ओढला आणि मणी टिक् करून जागेवर बसला. काय सांगू त्याचं सुख! मी दुसरा बसवला. टिक्. तिसरा. टिक्. चहा येऊन गार झाला. मी वर बघितलं तर बाहेरचं ऊन खिडकीतून उतरून टेबलाखाली गेलं होतं आणि माझ्या हातात बोटाएवढी निळी पट्टी तयार झाली होती, विटा रचाव्यात तशी.

"बसला हात," विहीणबाई म्हणाली.

"हात बसलेलाच होता. सुई लहान होती."

मग मला वेडच लागलं. दुकानात गादी शिवताना मी पुटपुटत होते, एक घे, एक सोड. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, या गादीला एकाआड एकच गाठ आहे." पाहिलं तर खरंच, अर्ध्या गादीला गाठी नाहीत, फुगून बसली होती आडवी. तिच्यात पुन्हा दाभण घातलं. एका गिऱ्हाइकाच्या उशीत मणी निघाले म्हणून तो परत आला. मी म्हणाले, त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. तो हसत उशी घेऊन गेला आणि बायकोला दाखवायला मणीही घेऊन गेला.

काही दिवस विहीणबाईकडे जाऊन आले आणि मग म्हणाले, "आता मला आलं. घरी करते."

"आलं असं वाटणं हा आजार आहे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना होतो."

"औषध आहे का?"

"आहे. अजून थोडं येऊन बसा."

मी काही गेले नाही. लग्न तोंडावर आलं होतं, आणि खरी गोष्ट म्हणजे, पूर्ण हार एकदम तिच्यापुढे टाकून तिचे डोळे पांढरे करायचे होते मला. दुकानात गल्ल्यामागे माझं स्टूल आहे, तिथे बसून मी हार करायला घेतला. निळा, मध्ये पाणीदार रंगाची रेघ. तिचा तो बारीक दोरा मला कोळ्याच्या जाळ्यासारखा वाटायचा, म्हणून त्याला मी आपलं गादीचं मेण चोळलं. आणि प्रत्येक टाक्याला ओढला. दोरा तळहाताला गुंडाळून, दात ओठ खाऊन ओढला. नाचणारी पोर आहे, सुटला तर? मणी कराकरा बोलायचे, मला वाटायचं गातायत.

झाला हार. रुंद, तकतकीत, एकही फट नाही. मी तो मऊ फडक्यात गुंडाळला आणि चार मजले चढून गेले. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "उघडा."

विहीणबाईनं चष्मा लावला, फडकं सोडलं, हाराचं एक टोक धरून तो आडवा उचलला. दुसरं टोक खाली पडायला हवं होतं. पडलं नाही. हार तिच्या हातात सरळ ताठ राहिला, सुताराच्या पट्टीसारखा.

तिनं तो टेबलावर आपटून बघितला. खट् वाजला.

"विहीणबाई," ती म्हणाली, "हा नातीच्या गळ्यात घालायचाय की तिचं माप घ्यायचंय?"

मग तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी काढून हसली. मी हार घेतला आणि स्वतःच्या गळ्याला लावून वाकवायला गेले, तर एक कड हनुवटीला टोचली आणि दुसरी छातीपासून वीतभर लांब. फळीच ती. मीही हसले असते, पण लग्न आलं होतं दारात, आणि माझ्या डोळ्यांपुढे ओढणी गळ्याशी धरून उभी असलेली भिंगरी आली. मी खुर्चीत बसले आणि हार परत फडक्यात गुंडाळायला लागले.

ते बघून विहीणबाईचं हसू थांबलं. ती आत गेली आणि एक लांबट खोकं घेऊन आली. आत हार होता. काय सांगू, पाण्याची धार असावी तसा. हातात घेतला तर बोटांमधून वाहून गेला.

"मागच्या वर्षी केला होता," ती म्हणाली, "असाच, मनात आलं म्हणून. न्या. तुम्ही केला म्हणा. मी कुणाला बोलणार नाही."

"आणि तुमची लेक?"

"माझ्या लेकीला गप्प बसायची सवय तुम्हीच लावलीत."

मी खोकं घेतलं. हो म्हणाले नाही, नको म्हणाले नाही. उतरताना लिफ्ट चालू होती, तरी जिन्यानं उतरले. विहीण माझं नाक राखायला स्वतःचं कौतुक सोडत होती, हे मला समजत होतं. नाक राहिलं असतं, पण पोर माझ्या हातचं म्हणून दुसरीच्या हातचं घालून नाचली असती.

दुकानात पोचते तर भिंगरी गाद्यांच्या ढिगावर बसलेली. "आजी! झाला? बघू!"

"हात लावायचा नाही," मी खोकं पाठीमागे घेतलं.

"बरं बरं, नाही बघत. फक्त एक सांग. घट्ट आहे ना?"

"म्हणजे?"

"तुझ्या टाक्यासारखा. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय, माझा हार आजीनं शिवलाय, त्याच्यावर उड्या मारल्या तरी सुटणार नाही. मागे मणीआजीनं माळ दिली होती ना, ती नाचताना डोक्यावर जायची, पाठीवर जायची, शेवटी तोंडात आली माझ्या. ही तशी नको. मी नाचणार आहे खूप." आणि बोलता बोलताच उतरून ती एक गिरकी घेऊन गेली.

मी ढिगाजवळ तशीच उभी राहिले. म्हणजे पोरीला माझा घट्ट हातच हवा होता. हार घट्ट असण्यात चूक नव्हती. तो सरळ असण्यात होती.

आणि तेव्हा माझं लक्ष गोल गाद्यांकडे गेलं. स्टुलावर टाकायच्या बसक्या गोल गाद्या आम्ही शिवतो, त्यांना कडेनं गोल पट्टी लावतो. ती पट्टी कशी लावायची हे माझे हात झोपेतही सांगतील. आतली कड आखूड, बाहेरची लांब. दोन्ही कडा सारख्या ठेवल्या तर पट्टी गोल फिरतच नाही, ओढून जीव गेला तरी. मी हाराच्या दोन्ही कडा सारख्याच ठेवल्या होत्या!

मी उलट पावली विहीणबाईकडे गेले. खोकं तिच्या हातात ठेवलं.

"नको?"

"सुंदर आहे," मी म्हणाले. तिच्या तोंडावर हे मी पहिल्यांदाच म्हटलं, म्हणून ती जरा घाबरली. "पण मला घट्टच करायचाय. घट्ट, पण वाकलेला."

"घट्ट आणि वाकलेला? तुम्हाला घट्ट बघितलंय मी, वाकलेलं कधी बघितलं नाही."

"आतली कड आखूड पाहिजे, बाहेरची लांब. मण्यांत कशी करायची ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का, सांगा."

विहीणबाई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं बरण्या ओढल्या. एकीतून बारीक मणी टॉवेलवर ओतले, दुसरीतून मोहरीएवढे, तिसरीतून धण्याएवढे. "एका ओळीत लहानापासून मोठ्यापर्यंत ओवू," ती म्हणाली. "लहान आत, मोठे बाहेर. टाका तोच." तिच्या आवाजात घाई होती. "मी मऊ हातानं कधी करून बघितलं नाही हे. मऊ हातात ते लोंबकळतं, गोल धरत नाही. तुमच्या हातात धरेल कदाचित."

मी अडवणारा मणी ओवला. एक घे, एक सोड. ती शेजारी बसून आकार निवडून देत होती, सुईच्या टोकापुढे मणी सरकवत होती. बोटभर पट्टी झाली आणि आम्ही दोघी एकदम वाकून बघायला गेलो, कपाळावर कपाळ आपटलं. पट्टी वळत होती. स्वतःहून, कुणी न वळवता, टरबुजाच्या फोडीसारखी गोल वळत होती, आणि टेबलावर सपाट पडली होती, कुठेही न उचलता.

"अगं बाई गं!" विहीणबाई म्हणाली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. मला आजवर सासूनंही धपाटा घातला नव्हता. मी परत घातला.

सून धावत बाहेर आली. "काय झालं? भांडताय का?"

"वेडी झालीये तुझी आई," आम्ही दोघी म्हणालो.

मग रोज मी तिथेच. दुपारी दुकान मुलावर टाकून चार मजले चढायचे. ती मणी निवडायची, मी ओढायचे. ती म्हणायची, इतकं ओढू नका, दोरा काचेनं कापला जाईल. मी म्हणायचे, कापला जाईल तो दोरा माझा नाही. एकदा खरंच कापला गेला. तिनं फक्त भुवई उचलली, आणि ती भुवई मला अजून दिसते. त्यानंतर मी मणी बसेपर्यंतच ओढायला शिकले, मणी ओरडेपर्यंत नाही. गळ्यामागे धातूची कडी चालणार नव्हती, म्हणून मण्यांचाच बटणासारखा टपोरा गुंडा केला आणि दुसऱ्या टोकाला मण्यांचा फासा, गुंडा फाशात अडकवायचा. आतली कड गडद निळी, बाहेर येता येता निळं फिकं होत आकाशाएवढं. शेवटची गाठ मी मारली. उरलेला दोरा विहीणबाईनं कापला.

लग्नाच्या सकाळी सुनेनं भिंगरीच्या गळ्यात तो घातला. मी जरा लांबच उभी राहिले, डबे मोजल्यासारखं करत. गुंडा फाशात बसला. हार गळ्याच्या हाडांवर असा टेकला की जणू तिथेच उगवला होता. भिंगरीनं मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, खाली वाकली, उडी मारली. हार हलला नाही. मग तिनं आरशात बघितलं. माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही हात आपल्या गालांवर धरून उभी राहिली.

"मेकप पुसेल," मी म्हणाले.

मंडपात बँड वाजायला लागला तशी ती सुटलीच. बायकांच्या गळ्यांतल्या साखळ्या उडत होत्या, कुणाची पाठीवर, कुणाची खांद्यावर, आणि आमच्या पोरीचा हार जागचा हलायचं नाव घेत नव्हता. मान घामानं ओली, पण एकही चट्टा नाही. मी दर गाण्याला जवळ जाऊन बघत होते. शेवटी नवरदेव म्हणाला, "आजी, मीही बघतोय." पहिलंच पूर्ण वाक्य ते त्याचं माझ्याशी. चांगला मुलगा आहे.

आत्या आली. हाराकडे बघितलं, चष्मा काढून बघितलं. "कुणी केला हा?"

"मी," मी म्हणाले. मग शेजारी उभ्या विहीणबाईकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. "शिकवला हिनं," मी म्हणाले.

"शिकवणं वेगळं," विहीणबाई छताला म्हणाली. "मी शिकवला तो मऊ होता. हा असा हिलाच जमतो. हिनं काही एकदा हातात धरलं की सुटत नाही, ना दोरा, ना शब्द."

आत्यासाठी मी चांगली दोन-चार वाक्यं महिनाभर परजून ठेवली होती. तोंड उघडणार तोच तिनं माझं मनगट धरलं आणि मला पाण्याच्या पिंपामागे ओढलं. आजूबाजूला बघून तिनं स्वतःच्या गळ्यातला जाडजूड हार बोटानं जरासा उचलला. खाली पावडरचा थर, आणि थराखाली लाल, रापलेला पट्टा.

"मलाही होतं हो," ती कुजबुजली. "कितीतरी वर्षं झाली. न घालता बाहेर पडलं की लोक विचारतात, म्हणून घालते. त्या दिवशी पोरीची मान बघितली आणि... मी काहीतरीच बोलून गेले." मग अगदी लहान मुलीसारखं विचारलं, "माझ्या गळ्याला होईल का असा?"

आता माझी ती परजलेली वाक्यं वाया गेली. एवढी छान होती! मी पिंपामागून हाक मारली, "विहीणबाई! इकडे या, माप घ्यायचंय."

तिच्या पर्समध्ये दोरा होताच. नसता तर ती विहीणबाई कसली! तिथेच पिंपामागे आत्याचा तो सोन्याचा हार मी काढून माझ्या पिशवीत टाकला, आणि विहीणबाईनं दोरा तिच्या गळ्याभोवती फिरवला. आत्याला गुदगुल्या व्हायला लागल्या. ती खांदे उडवून हसायला लागली, दोरा सटकायला लागला.

"हलू नका!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

तो आवाज ऐकून भिंगरी आली. "तिघी इथे काय करताय? चला नाचायला!" आणि गळ्यात लोंबता दोरा तसाच ठेवून आत्याला घेऊन गेली, मग परत येऊन विहीणबाईला, मग मला. मी नाचत नाही, असं मी तिला सांगितलं. तिनं ऐकलं नाही. ती माझीच नात आहे. किती वेळ नाचले ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी माझी कंबर दिवसभर बोलत होती, आणि मी गादीवर पडून तिचं सगळं ऐकून घेतलं.